मोठा ॲम्प्लिफायर घेऊ का?

प्रश्न : माझी बोलेरो आहे. दिवाळीत फोर-चॅनल ॲम्प्लिफायर बसवला. दोन चॅनलवर पुढच्या दारातले स्पीकर आणि ट्विटर (वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर), उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, मागे बेससाठी बारा इंची वूफर. फिटरनं गेन पूर्ण उजवीकडे आणि बेस बूस्ट फुल करून दिलाय. आवाज जरा वाढवला की गाणं फाटतं. एक ट्विटर गेला. दुपारी नांदेडला निघालो की वाटेतच लाल लाइट लागून ॲम्प्लिफायर बंद. मोठा घ्यावा का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नका घेऊ, पैसे खिशातच राहू द्या. लातूरला माझ्या दुकानात असल्या गाड्या कायम येतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं, गेन.

गेन हा आवाज वाढवायचा नॉब नव्हे. डेककडून, म्हणजे गाडीच्या स्टीरिओकडून, आरसीए वायरीतून किती व्होल्टचा सिग्नल येतोय, त्याच्याशी ॲम्प्लिफायर जुळवायला तो दिलाय. साधा डेक दोनेक व्होल्ट देतो, चांगला चार. मोबाइलचा उजेड पाडून नॉबच्या कडेचं बारीक छापलेलं वाचा. डावीकडे ६ व्होल्ट, उजवीकडे ०.२, साधारण असंच असतं. आकडा लहान तिकडे गेन जास्त, आणि इथंच माणसं फसतात. नॉब ०.२ वर आणि सिग्नल दोन व्होल्टचा, म्हणजे डेक थोडा वाढवला की ॲम्प्लिफायरची ताकद संपली. त्याच्यापुढं लाटेचे शेंडे छाटले जातात. त्या छाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीचा कचरा भरपूर असतो, तो सगळा ट्विटरवर जातो आणि कॉइल जळते.

बेस बूस्ट आजच शून्यावर आणा. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे तेवढ्या पट्टीपुरती सोळापट ताकद मागणं. ती आणायची कुठून?

आता सेटिंग. डेकचं इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, दोन्ही गेन पूर्ण डावीकडे. दाराच्या चॅनलचा स्विच एचपीएफवर (खालचा बेस अडवणारा फिल्टर) ठेवून नॉब ८० हर्ट्झच्या आसपास आणा. खालचा बेस त्या छोट्या स्पीकरांना झेपत नाही. वूफरचा स्विच एलपीएफवर (फक्त खालचा बेस जाऊ देणारा फिल्टर), तोही ८० ला. डेकचा आवाज पाऊण करा आणि नेहमीच्या ऐकण्यातलं स्वच्छ गाणं लावा. मी पखवाज असलेलं भजन लावतो, धुमाचा, म्हणजे डाव्या बाजूचा, घुमारा सुटा ऐकू येतो की नाही ते लगेच कळतं. आधी दाराचा गेन टेस्टरच्या टोकानं हळूहळू वाढवा. आवाज खरखरला की थांबा, थोडं मागं घ्या. मग वूफरचा, दाराच्या आवाजात मिसळेल इतकाच. बेस डिकीतून येतोय असं वाटलं तर तो जास्त झालाय.

मल्टिमीटर असेल तर कानावर विसंबायची गरज नाही. स्पीकरच्या वायरी काढा, १००० हर्ट्झचा टोन लावा, एसी व्होल्ट मोजा. १०० वॉटच्या चॅनलला ४ ओमच्या स्पीकरसाठी २० व्होल्ट आले की बास. वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ, एवढाच हिशोब. मात्र वॉट आरएमएसचे, म्हणजे सतत देता येणारे, धरा, खोक्यावरचे मोठ्ठे आकडे सोडून द्या. वूफरसाठी टोन ५० हर्ट्झचा घ्या आणि वॉट ब्रिजचे.

लाल लाइटचं बोलू. वूफरला दोन कॉइल आहेत का बघा. ४ ओमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओम होतात, आणि बहुतेक फोर-चॅनल ब्रिजमध्ये ४ ओमच्या खाली चालत नाहीत. तसं निघालं तर कॉइल सिरीजमध्ये जोडा. ८ ओम होतील, ताकद घटेल, पण बंद पडणार नाही. जोडणी ठीक असेल तर मामला उष्णतेचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि लोक ॲम्प्लिफायर सीटखाली मॅटमध्ये गुंडाळतात! वरून कार्पेट काढा, चारी बाजूंनी वारा लागू द्या. अर्थची वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावरच कसा.

ट्विटर मात्र गेन लावून झाल्यावरच बदला, नाहीतर नवाही जाईल.