गॉल एका दिवसात: गाडीने की रेल्वेने?

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीलंकेला चाललो आहोत. दोन मुलं आणि सासूबाई बरोबर आहेत. कोलंबोहून एक दिवस गॉलला जायचंय. ट्रॅव्हल्सवाल्याने गाडीचा बेत दिलाय: वाटेत कासवांचं केंद्र, बोटिंग, मसाल्यांची बाग आणि मग गॉल. तो दिवस 'पोया'चा आहे म्हणे. त्याने काही अडेल का? – एक वाचक

उत्तर: या बेतात गॉल उजाडेल संध्याकाळी, आणि तोवर मुलं मागच्या सीटवर झोपलेली असतील. मधलं सगळं कापा. कासवं पुढच्या खेपेला.

जाताना रेल्वेनेच जा. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून सकाळची गाडी धरा आणि उजवीकडच्या खिडक्या पटकवा. रूळ मैलोन् मैल समुद्राला खेटून जातात. अडीच-तीन तास लागतात. पोया म्हणजे पौर्णिमा. तिकडे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, डिसेंबरची पौर्णिमा तर अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली त्या आठवणीची. दारू मिळणार नाही, एवढंच. पण गाड्यांना तोबा गर्दी असते, म्हणून सासूबाईंसाठी आरक्षण आधीच करा. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीने इथेच एक अख्खी रेल्वेगाडी उलथवली, दीड हजारांहून जास्त माणसं गेली. तोही पोयाचाच दिवस होता, सुट्टीमुळे गाडी खचाखच भरलेली. मुलांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं असतं.

गॉल स्टेशनवरून किल्ला चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पोर्तुगीजांनी पाया घातला, 1640 मध्ये डचांनी घेतला आणि आजची भक्कम तटबंदी मुख्यतः त्यांचीच. 1796 ला इंग्रज आले. हा सगळा इतिहास मुलांना एका दारात दाखवता येतो. जुन्या वेशीच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह आहे. आत येऊन मागे वळून वर बघा, तर डच कंपनीचं चिन्ह, दोन सिंह, माथ्यावर कोंबडा आणि 1669 साल. मार्गदर्शक घेतलात तरी बरेच जण आत येऊन सरळ पुढे चालत सुटतात, वळत कुणीच नाही.

दुपारी तटावर जाऊ नका, सावलीचं नाव नाही. तेव्हा गल्ल्या फिरा, 1755 चं डच चर्च बघा. गुडघ्यांची तक्रार असेल तर सासूबाईंना कोर्टाजवळच्या चौकात मोठ्या झाडांखाली बसवा. त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा बरा जाईल. डचांनी इथली गटारं अशी बांधली होती की भरतीचं पाणी आत शिरावं आणि ओहोटीने घाण ओढून न्यावी. भुयारी गटारासाठी आपल्याकडे अजून रस्ते खणतायत, असो.

चारनंतर घड्याळाच्या मनोऱ्याजवळून तटावर चढा आणि समुद्र बघत दीपगृहाच्या दिशेने निघा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. तटाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. आणि घरातल्या क्रिकेटवेड्यांना मनोऱ्याजवळून खालचं मैदान दाखवा: 2010 मध्ये मुरलीधरनने प्रज्ञान ओझाला बाद करून 800 वा बळी घेतला तो इथेच. हे मैदान त्सुनामीत उद्ध्वस्त झालं, तटाआडचं जुनं गाव मात्र बऱ्यापैकी वाचलं.

परतताना अंधारात समुद्र दिसत नाही, म्हणून रेल्वेचा हट्ट धरू नका. द्रुतगती मार्गाची बस लवकर पोहोचवते. फक्त ती कोलंबोबाहेर मकुंबुऱ्याला सोडते. तिथून हॉटेलपर्यंत पुन्हा टॅक्सी करावी लागेल.