अंतराळ-शोधाच्या इंडी गेम्समध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्या गेममध्ये धड लढाई नाही, स्कोअर नाही, बराच वेळ काळ्या पोकळीतून एकट्याने यान न्यायचं, त्यावर लोक शेकडो तास का घालवतात? आणि असे गेम बहुतेक वेळा छोट्या, स्वतंत्र स्टुडिओंकडूनच का येतात?

मी हे गेम बरीच वर्षं खेळते आहे आणि माझं उत्तर पक्कं आहे. इथे पुढे जायला फक्त समज लागते. इतर गेममध्ये लेव्हल वाढते, तलवार बदलते, चिलखत जाड होतं. इथे यान पहिल्या दिवशी होतं तेच राहिलं तरी चालतं, कारण शहाणे तुम्ही होता. ते शहाणपण गेम बंद केल्यावरही तुमच्याकडे उरतं. दोन गेम्सवरून सांगते.

पहिला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीने तो काढला. ती मुळात मार्केटिंगची कामं करणारी कंपनी. तिथल्या फेलिपे फालांगेच्या डोक्यात रॉकेटचा गेम होता आणि मालकांनी त्याला तो करू दिला. २०११मध्ये पहिली कच्ची आवृत्ती लोकांच्या हाती आली, पूर्ण म्हणजे १.० आवृत्ती २०१५मध्ये. यात तुम्ही टाक्या, इंजिनं, पंख जोडून रॉकेट बांधता आणि कर्बिन नावाच्या ग्रहावरून उडवता. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण पृष्ठभागावरचं गुरुत्व आपल्याइतकंच. त्यामुळे कक्षेत राहायला सेकंदाला साधारण सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो; पृथ्वीभोवती पावणेआठच्या आसपास लागतो. आकडे आटोक्यात आणलेत, नियम मात्र खरे ठेवलेत.

आणि हे नियम डोक्याला चक्रावून टाकतात. मॅप उघडला की तुमची कक्षा एका निळ्या रेघेने दिसते. यान त्या रेघेवर जिथे आहे तिथे इंजिन पेटवा, आणि रेघ फुगते ती बरोबर पलीकडच्या बाजूला. तुम्ही आहात ती जागा जागच्या जागी राहते. पहिल्यांदा हे बघताना गेम बिघडलाय असंच वाटतं. आता समजा त्याच कक्षेत तुमच्या पुढे दुसरं यान आहे आणि त्याला गाठायचंय. रस्त्यावर काय करू? वेग वाढवू. इथे वेग वाढवला की कक्षा मोठी होते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि तुम्ही उलट मागे पडता. गाठायचं तर वेग कमी करायचा, खाली उतरायचं, छोट्या कक्षेतून लवकर फेरी मारायची आणि मग वर यायचं. जून १९६५मध्ये जेमिनी ४मधून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे तोंड करून जोर लावला की तो दूर जायचा. इंधन भराभर संपायला लागलं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. नासाच्या वैमानिकाला जे कक्षेत कळलं, ते आज नववीतली मुलगी लॅपटॉपवर एका संध्याकाळी हाताने शिकते. मला यात खरोखर थोर काहीतरी दिसतं.

याचा आपल्याकडचा पुरावा देते. चांद्रयान-३च्या वेळी सगळीकडे एकच प्रश्न होता: अपोलो ११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग आपल्याला १४ जुलै ते २३ ऑगस्ट एवढे दिवस का? ‘कर्बल’ खेळणाऱ्याला यात कोडं नव्हतं. अपोलोमागे सॅटर्न ५सारखं अवाढव्य रॉकेट होतं, त्याच्या तिसऱ्या टप्प्याने एका दमात चंद्राकडे ढकललं. आपल्याकडे रॉकेटपासून सुटल्यावर उरलं होतं ते यानाचं स्वतःचं छोटं इंजिन. अशा वेळी लांबुळक्या कक्षेत फिरत राहायचं आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळून, म्हणजे सर्वांत वेगात जाताना दर वेळी थोडा वेळ इंजिन पेटवायचं. त्याच वेगात इंधनाचं सर्वांत जास्त चीज होतं. दर वेळी पलीकडचं टोक आणखी लांब जातं, आणि शेवटच्या धक्क्याला थेट चंद्राची वाट धरायची. हेच मी गेममध्ये छोटं इंजिन लावून मुनवर, म्हणजे कर्बिनच्या चंद्रावर जाताना करते. बातमीतली ती वर्तुळं मग नुसती वर्तुळं राहत नाहीत. १६ जानेवारी २०२५ला इस्रोने स्पेडेक्सचे दोन उपग्रह कक्षेत जोडले, तेव्हाही तसंच झालं. दोन यानांमधला वेगाचा फरक जवळजवळ शून्यावर आणून ठेवणं काय असतं हे बोटांना माहीत होतं.

दुसरा गेम ‘आउटर वाइल्ड्स’, आणि माझ्या मते या प्रकारातला सर्वश्रेष्ठ. अॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याने साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रकल्प म्हणून तो सुरू केला, २०१५मध्ये त्याला स्वतंत्र गेम्सच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मोबियस डिजिटल या छोट्या स्टुडिओने तो पूर्ण करून २०१९मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कारही त्यालाच गेला. याबद्दल जितकं कमी सांगावं तितकं चांगलं, त्यामुळे सुरुवातीलाच कळतं तेवढंच सांगते. तुमच्याकडे एक लाकडी ठोकळ्यांसारखं यान आहे. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला शेकोटीपाशी जागे होता. हत्यार नाही, पैसे नाहीत. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत फक्त तुम्हाला कळलेल्या गोष्टी येतात, यानाच्या नोंदवहीत लिहिलेल्या आणि तुमच्या डोक्यातल्या. पहिल्याच फेरीत सगळं माहीत असतं, तर सरळ शेवटापर्यंत जाता आलं असतं. अडवणारं कुलूप असं कुठेच नाही, अडवतं ते अज्ञान.

इथले ग्रह अगदी लहान, काहीशे मीटरचे. पण प्रत्येक ग्रहावर घड्याळ चालू असतं, तुम्ही बघा न बघा. ब्रिटल हॉलो पोकळ आहे आणि त्याच्या पोटात कृष्णविवर आहे. त्याचा ज्वालामुखींनी भरलेला चंद्र वरून निखारे फेकतो आणि जमिनीचे तुकडे एकेक करून आत पडत जातात. सुरुवातीला पोचलात तर पूल शाबूत असतो, उशिरा गेलात तर तिथे नुसतं खिंडार. दुसरीकडे वाळूच्या घड्याळासारखे दोन जुळे ग्रह आहेत. एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते, इकडच्या गुहा बुजतात आणि तिकडे पुरलेल्या इमारती वर येतात. मग आपण ‘कुठे जायचं’ याइतकाच ‘कधी जायचं’ याचा विचार करू लागतो.

आणि संगीत. तुमचे सहप्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर बसून एकच धून वाजवत असतात: एकाकडे बँजो, एकाकडे बासरी, एकाकडे ढोल, एकाकडे माउथ ऑर्गन, एक नुसती शीळ घालतो. तुमच्या हातातल्या दुर्बिणीसारख्या यंत्राने तो आवाज पकडता येतो. खूप लांब, सगळ्या ग्रहांपलीकडे जाऊन मागे वळून यंत्र धरलं की सगळी वाद्यं एकत्र ऐकू येतात. असं करायला गेम कुठेही सांगत नाही.

‘नो मॅन्स स्काय’चं नाव कुणीतरी काढेलच. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सने तो २०१६मध्ये काढला. १८वर १८ शून्यं लावल्यावर येईल त्याहूनही जास्त ग्रह, सगळे सूत्रांतून तयार होणारे. ही युक्ती जुनी आहे. १९८४मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या विद्यार्थ्यांनी ‘एलीट’मध्ये बीबीसी मायक्रो या ३२ केबी मेमरीच्या घरगुती संगणकावर आठ दीर्घिका बसवल्या होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ‘नो मॅन्स स्काय’ला सुरुवातीला आश्वासनं न पाळल्याबद्दल खूप शिव्या बसल्या, पण त्या लोकांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, याचा मला आदर आहे. तो सुंदरही आहे. तरी माझं मन त्यात रमत नाही. काही ग्रहांनंतर लक्षात येतं की इथे कुणी माझ्यासाठी मुद्दाम काही ठेवलेलं नाही. ‘आउटर वाइल्ड्स’मधल्या मोजक्या ग्रहांवरच्या दगडादगडामागे माणसाचा विचार आहे.

छोट्या स्टुडिओंचेच गेम असे का, याचं उत्तर इथेच येतं. शेकडो माणसांचा पगार काढायचा असेल तर गेम कुणालाच अडचणीचा वाटून चालत नाही. मग बाण येतात, ‘इकडे जा’ म्हणणारे ठिपके येतात, कंटाळा येऊ नये म्हणून दर पाच मिनिटांनी मारामारी येते. चुकण्याची मोकळीक देणं महागात पडतं. चार-दहा माणसांच्या टीमला मात्र एकच कल्पना धरून शेवटपर्यंत जाता येतं. मोठा पैसा आला की गेम चांगला होतोच असंही नाही: ‘कर्बल’चा दुसरा भाग २०२३मध्ये मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळावर आला आणि अर्धवटच राहिला.

सुरुवात करायची असेल तर विज्ञानाची आवड असणाऱ्याने ‘कर्बल’चा पहिला भाग घ्यावा. आधी फक्त कक्षेत जा. मुन, डॉकिंग (म्हणजे दोन यानं कक्षेत जोडणं) वगैरे नंतर. गोष्टीची आवड असेल तर ‘आउटर वाइल्ड्स’, आणि त्याबद्दल यापुढे एक अक्षरही वाचू नका, यूट्यूबवर तर बघूच नका. अडलात तर यानातली नोंदवही उघडा. तिथे ज्या नोंदीखाली अजून बघायचं बाकी असल्याची खूण असेल, त्या जागी परत जा.