‘ओके’ आणि १८४० ची निवडणूक

प्रश्न असा आला : ‘ओके’ म्हणजे मुळात ‘झीरो किल्ड’, शून्याचा ओ आणि किल्डचा के. अमेरिकन यादवी युद्धात ज्या दिवशी कुणी मेलं नाही, त्या दिवशी छावणीच्या पाटीवर तसं लिहीत. हे खरं का?

नाही. यादवी सुरू झाली १८६१ साली आणि ‘ओके’ छापून आलं २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. लढाईच्या बावीस वर्षं आधी!

त्या काळात बॉस्टनच्या पत्रकारांना एक खोड लागली होती : मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याची आद्याक्षरं वापरायची. ‘ऑल करेक्ट’मधल्या एच्या जागी ओ आणि सीच्या जागी के, झालं ओके. म्हणजे ‘सगळं बरोबर’ म्हणायचं आणि दोन्ही आद्याक्षरं चूक. ‘ऑल राइट’चंही असंच ओडब्ल्यू झालं होतं. ते आज कुणाला आठवत नाही.

ओके तरलं ते निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. गाव किंडरहूक, न्यूयॉर्क राज्यातलं. (घरची भाषा डच. इंग्रजी मातृभाषा नसलेले ते एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष.) ‘ओल्ड किंडरहूक’ची आद्याक्षरं आयतीच ओके निघाली आणि समर्थकांनी न्यूयॉर्कात ‘ओके क्लब’ काढला. विरोधी व्हिग पक्षाने ते त्यांच्याच गळ्यात मारलं. १८३७ च्या मंदीने लोक पिचले होते, म्हणून ‘आउट ऑफ कॅश’, तेही कॅशला के लावून! शिवाय कंडी पिकवली, की व्हॅन ब्युरेनच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, कागद मंजूर करताना ते ओके खरडत. ही कंडी अजूनही खरी म्हणून सांगितली जाते.

व्हिगांनी आपला उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन लाकडी खोपटातला साधा माणूस म्हणून मिरवला. प्रत्यक्षात जन्म व्हर्जिनियातल्या जमीनदाराच्या वाड्यातला. निर्वाचक मतं २३४ विरुद्ध ६०, ओल्ड किंडरहूक पडले. हॅरिसनही शपथेनंतर महिन्याभरात वारले. शब्द तेवढा उरला.

आपल्याकडे २०२२ च्या जूनमध्ये आमदार शहाजीबापू पाटलांचं गुवाहाटीहून फोनवरचं ‘ओक्के’ गाजलं, आणि ऑगस्टमध्ये विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याच ओकेला ‘खोके’चं यमक लावलं. व्हिगांना ओळखीचं वाटलं असतं.