पहिलं वेबपान मराठीत करताय? मग हे आधी वाचा

पहिले काही आठवडे फ्रेमवर्क (तयार कोडचे सांगाडे) आणि जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी भाषा) बाजूला ठेवा. एक साधी एचटीएमएल फाइल (मजकूर आणि रचना), एक सीएसएस फाइल (रंग, आकार, अंतरं) आणि ब्राउझर एवढं पुरतं.

एचटीएमएल फाइलच्या हेडमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या माहितीच्या भागात, सर्वांत वर कॅरसेट यूटीएफ-८ लिहा; अक्षरं कशी वाचायची हे त्यातून ब्राउझरला कळतं. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये असावी लागते. नसेल तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. मग व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ. तो विसरलात तर मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि मजकूर मुंगीएवढा होतो.

आता देवनागरी, कारण इंग्रजी धडे इथे हमखास दगा देतात. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ ठेवली तर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, १.६ ते १.८ ठेवा. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, १८ उत्तम. एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा कोड 'एमआर' द्या, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा मोफत फॉन्ट सुरुवातीला छान.

पान आडवं सरकतंय? बहुतेक वेळा मोठं चित्र कारणीभूत असतं. त्याला सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) १०० टक्के आणि हाइट (उंची) ऑटो द्या.

फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. विंडोजवर चालणारं चित्र लिनक्स सर्व्हरवर गायब होतं, ते बहुधा कॅपिटल अक्षरामुळेच.