‘उभयस्नेही’ आणि ‘स्वयंजुळणी’

‘ॲम्फिफिलिक पॉलिमर’ला ‘उभयस्नेही बहुवारिक’ म्हणावे का, आणि अशा लांब साखळीच्या रेणूंच्या पाण्यातील ‘सेल्फ-असेम्ब्ली’ला, म्हणजे त्यांनी आपोआप एकत्र येऊन रचना करण्याला, ‘स्वयंजुळणी’ हा शब्द चालेल का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते दोन्ही शब्द चालतील. पहिला तर मूळ शब्दाहूनही सरस आहे.

ग्रीक ‘अम्फि’ म्हणजे दोन्हीकडचा. तो आपण ‘उभयचर’ या शब्दात केव्हाच पचवला आहे. ‘फिलॉस’ म्हणजे प्रिय. मराठीत मात्र ‘स्नेह’ म्हणजे जिव्हाळाही आणि तेल-तूपही, म्हणूनच आपल्याकडे नजरही स्निग्ध असते आणि दूधही. ज्या रेणूचा एक भाग पाण्यात रमतो आणि दुसरा तेलकट असतो, त्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

तेलकट भागासाठी, म्हणजे ‘हायड्रोफोबिक’साठी, जोडीने येणारा ‘जलद्वेषी’ हा शब्द मात्र टाळावा. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. तेलकट भागाभोवती त्यांना अवघडून, ठरावीक मांडणीत राहावे लागते, आणि असे तेलकट भाग एकत्र आले की पाण्याचे रेणू मोकळे होतात. म्हणजे तेलकट भागांना बाजूला सारते ते पाणीच. द्वेषाचा आरोप तेलकट भागावर विनाकारण येतो. मी ‘जलविमुख’ म्हणेन, कारण विमुखता परिस्थितीनुसार येते. औषधनिर्मितीत वापरले जाणारे पोलोक्झॅमर ४०७ पाहावे: दोन्ही टोकांना पॉलिएथिलीन ऑक्साइड, मध्ये पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइड. त्याचे सुमारे २० टक्क्यांचे द्रावण फ्रिजमधून काढताना पातळ असते, पण बाटली मुठीत धरून ऊब दिली की ते असे थिजते की बाटली उपडी केली तरी ओघळत नाही. थंड पाण्यात विरघळणारा मधला भाग ऊब लागताच पाण्याकडे पाठ फिरवतो, त्याला आत घेऊन नॅनोमीटरांच्या मापातले गोळे, म्हणजे ‘मायसेल’, तयार होतात, आणि त्यांची दाटी झाली की द्रावण घट्ट होते.

‘स्वयं’ संस्कृत आणि ‘जुळणी’ मराठी, हा संकर काहींना खटकेल. पण ‘स्वयंसंघटन’ म्हटले की कामगारांची सभा डोळ्यांपुढे येते. छापखान्यात खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची, जुळणी करायला जुळारी लागत असे. ‘स्वयंपाका’तही ‘स्वयं’ रांधणाऱ्याला उद्देशून आहे, भाताला नव्हे. येथे मात्र खिळेच जुळारी असतात.