ओएस नव्याने टाकतोयस? आधी डेटा डिस्कची केबल काढ
घाबरू नको भो, बॅकअप घे, मशीन बंद करून डेटा डिस्कची साटा केबल काढ आणि मग खुशाल उबंटू (लिनक्सवरची ओएस) टाक, जी डिस्क दिसतच नाही ती इन्स्टॉलर पुसणार कशी! मी जळगावच्या मे महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत, लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए-एसडीबी नावांवर विसंबलो आणि ४ टीबीची डिस्क साफ. ही नावं रीबूटला अदलाबदल होऊ शकतात, साइज आणि सिरीयल नंबर बघायचा.

केबल परत लावल्यावर:
- एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीची फाइल) यूयूआयडी (डिस्कवरच्या पार्टिशनचा ओळख क्रमांक) टाक, सोबत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा, असा पर्याय), नाहीतर डिस्क सापडली नाही की बूट अडकतं
- 'परमिशन डिनाइड' आलं तर डेटा गेला नाही, बहुतेक नव्या ओएसमध्ये तुझा यूजर आयडी (फाइलचा मालक ओळखायचा नंबर) बदललाय

रेड-बिड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) नंतर बघू. आणि लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर लाव.