आइस हॉकीच्या गोलरक्षक मुलीस पत्र: पकवर नजर कशी बसवावी

प्रिय बाळ,

तुझे पत्र मिळाले आणि सोबत पाठवलेले सामन्याचे चित्रीकरणही मी लक्षपूर्वक पाहिले. आपले हात मंद आहेत, असे तू लिहिले आहेस. मला ते मुळीच पटत नाही. ग्लोव्हच्या, म्हणजे झेलण्याच्या हातमोज्याच्या, बाजूने झालेल्या दोन्ही गोलांच्या वेळी तुझा हात योग्य दिशेनेच निघाला होता. फक्त निघायला उशीर झाला, कारण शॉट सुटेपर्यंत तू मारणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे पाहत होतीस.

थोडा हिशेब मांडून पाहा. ताशी ११० किलोमीटर वेगाने सुटलेला पक, म्हणजे आपल्या खेळातली रबरी चकती, सहा मीटरचे अंतर साधारण ०.२ सेकंदांत कापतो, आणि डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर हात हलायलाही माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून जवळचा शॉट कुठे येणार, याचा अंदाज पक स्टिकच्या पात्यावर असतानाच घ्यावा लागतो. पाते किती उघडे आहे, पक पात्याच्या टाचेकडे आहे की टोकाकडे, मारणाऱ्याचे मनगट कधी वळते, हे पाहण्याची सवय लागली की हात आपोआप लवकर निघू लागतो. कॅल्गरी विद्यापीठातील डेरेक पॅनचक आणि जोन विकर्स यांनी गोलरक्षकांच्या नजरेच्या हालचाली मोजल्या होत्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, जे शॉट अडवले गेले त्यांच्या वेळी नजर पक आणि स्टिकवर आधी स्थिरावली होती आणि अधिक वेळ तिथेच टिकली होती. माझ्या मते गोलरक्षकाने शिकावे असे यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही नाही.

आता सराव. त्यासाठी बर्फाच्या रिंकची वाट पाहू नकोस. भिंतीपासून तीन-चार पावलांवर गुडघे वाकवून तुझ्या नेहमीच्या पवित्र्यात उभी राहा, टेनिसचा चेंडू उजव्या हाताने भिंतीवर मार आणि डाव्याने झेल; मग हात बदल. झेल घेताना चेंडू तळहातात शिरेपर्यंत मान त्याच्याबरोबर वळली पाहिजे, नुसती बुबुळे वळवून भागणार नाही. बहुतेक मुले शेवटच्या हातभर अंतरात चेंडू सोडून देतात आणि पुढचे काम सवयीवर ढकलतात. ग्लोव्हमधून पक निसटतो तो नेमका याच कारणाने. हे जमू लागले की मैत्रिणीला तुझ्या पाठीमागे उभे करून तिला तुझ्या डोक्यावरून भिंतीवर चेंडू फेकायला सांग, म्हणजे तो कुठून येणार हे तुला आधी कळणार नाही. तीन चेंडू आलटून पालटून हवेत खेळवण्याचा सरावही चांगला आहे. मात्र दमल्यावर थांब, कारण दमलेल्या नजरेने केलेला सराव चुकीचीच सवय पक्की करतो.

बर्फावर गेल्यावर दोन्ही हात शरीराच्या थोडे पुढे ठेव. चित्रीकरणात तुझा ग्लोव्ह मांडीला चिकटलेला दिसतो, त्यामुळे पक आणि ग्लोव्ह एकाच वेळी तुझ्या नजरेच्या टप्प्यात येत नाहीत. ब्लॉकरने, म्हणजे स्टिक धरलेल्या हातावरच्या सपाट ढालीने, अडवलेला पकही कोपऱ्यात जाईपर्यंत पाहत राहा. तिथे तुझी मान सरळच राहते आणि पुढचा रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला पक, तुला उशिरा दिसतो. पक पायांजवळ असेल तेव्हा हनुवटी खाली आण, नाहीतर हेल्मेटची जाळी आणि छातीचे कवच मिळून तो झाकून टाकतात.

खेळ थांबलेला असताना नजर भरकटते, असेही तू लिहिले आहेस. २०१८ साली वॉशिंग्टनच्या संघाला उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगचा स्टॅनले कप जिंकून देणारा गोलरक्षक ब्रेडन होल्टबी बाटलीतून पाण्याची चिळकांडी उडवायचा आणि तिच्यातला एकच थेंब खाली पडेपर्यंत पाहायचा. फेसऑफपूर्वी, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होण्याआधी, तूही हे करून पाहा. नजर एका ठिकाणी आणण्याचा इतका सोपा उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

आणखी एक. हंगाम सुरू होण्याआधी डोळे तपासून घे. दूरचे नीट दिसत नसेल, तर वर लिहिलेल्या सरावाचा निम्मा उपयोग वाया जाईल. तपासणी झाली की कळव आणि पुढच्या सामन्याचे चित्रीकरण गोलच्या मागून करून पाठव, म्हणजे तुझी मान नेमकी कधी वळते हे मला पाहता येईल.

अनेक आशीर्वाद.